बरी झाली म्हणजे काय झालं?

(श्रीगोंद्यातल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय फळ्यावर लिहिलेला आहे : 'मानसिक रुग्णांची गावातच काळजी : यश कसं मोजायचं?' तो वाचून मघाशी मागच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "त्यात मोजायचं काय? बरी झाली की झाली." मावशी, तुमचं वाक्य मी आज उसनं घेते. कारण मलाही एवढंच विचारायचं आहे. बरी झाली म्हणजे काय झालं? कुणाच्या दृष्टीनं झाली? आणि हे ठरवलं कुणी?

मी एम.एस.डब्ल्यू. करून या कामात आले त्याला आता दहा वर्षं होतील. कॉलेजात आम्हाला मूल्यमापन नावाचा पेपर होता. त्यात मला चांगले मार्क होते. तरी मूल्यमापन म्हणजे काय हे मला एका बाईनं शिकवलं. तिच्या परवानगीनं तिची गोष्ट सांगते. नाव आणि गाव सांगणार नाही. उगाच अंदाज बांधत बसू नका, कारण अशा बाया तुमच्याही गावात आहेत.

ती पस्तिशीतली. सातवी शिकलेली. लग्न लवकर झालं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची झोप गेली, कानात आवाज येऊ लागले, कुणीतरी अन्नात विष घालतंय असं वाटू लागलं. सासरच्यांनी आधी देवऋषी केला, मग तिला माहेरी आणून सोडलं. दोन्ही मुलं सासरीच ठेवून घेतली. माहेरी आई आणि भाऊ. भाऊ तिला बसनं नगरला सिव्हिलला नेत होता. एक फेरी म्हणजे त्याची मजुरी बुडाली, भाडं गेलं, आणि गोळ्या पंधरा दिवसांच्या. मग फेऱ्या बंद पडल्या. ती रात्री-अपरात्री निघून जायची म्हणून गोठ्याच्या खांबाला बांधून ठेवायला लागले. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्या घोट्यावर वळ होते.

दोन वर्षं आम्ही त्या घरी जात राहिलो. गावातल्या आशाताई सोबत असायच्या. उपचार पुन्हा सुरू केले, आईला आजार समजावून सांगितला, साखळी काढली. हळूहळू ती सावरली. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी भरायचा तक्ता होता. गोळ्या वेळेवर घेते का? झोप लागते का? अंघोळ, केस, कपडे स्वतःचे स्वतः करते का? घरकामात मदत करते का? आरडाओरडा, भांडण थांबलं का? पाचही ठिकाणी बरोबरची खूण झाली. मी खाली लिहिलं, 'सुधारणा समाधानकारक.' वर्षाच्या अहवालात तिची गोष्ट पहिल्या पानावर घातली.

त्यानंतर काही महिन्यांनी तिची आई गेली. वडील आधीच गेलेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून भावाबरोबर तिचंही नाव लागलं. भावाला लिंबाच्या बागेसाठी कर्ज काढायचं होतं. एक दिवस तिला नवं लुगडं नेसवून कचेरीत नेलं आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला. मला कळलं तेव्हा मी तिच्याकडे गेले. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, तुमच्या कागदावर मी बरी हाये ना? मग माझी सही का नाही घेतली? अंगठा का घेतला?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं पुढं विचारलं, "आन् पोरांना बघायचं होतं मला. ते तुमच्या कागदावर कुठं हाये?"

दोन वर्षांत मी त्या घरी किती वेळा चहा प्यायले असेन. तिला काय हवंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. ती बरी झाली होती ती आईसाठी, कारण आईला रात्री झोप मिळू लागली. भावासाठी झाली होती, कारण शेजाऱ्यांच्या तक्रारी थांबल्या आणि घरात कामाला दोन हात मिळाले. माझ्यासाठीही झाली होती, कारण माझा तक्ता भरला. घराला तिचं बरं असणं अंगठ्यापुरतं हवं होतं. तिनं वाटा मागितला असता तर तेच घर म्हणालं असतं, ही वेडी आहे, हिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.

भावाला मी खलनायक करत नाही, हेही सांगते. आठ वर्षं त्यानं बहिणीला टाकलं नाही. नवऱ्यानं टाकलं होतं. पण सांभाळलं म्हणून तिचा हक्क आपला झाला, हा हिशेब त्यानं एकट्यानं बसून मांडलेला नाही. तो गावानं त्याला शिकवला आहे.

आता जरा मागं जाऊन बघू. यश मोजण्याची मापं आजवर कुणी कुणी केली?

पूर्वी उपचार म्हणजे मनोरुग्णालय. आपल्या राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार सरकारी मनोरुग्णालयं आहेत. आपल्या भागात 'येरवड्याला पाठवला' एवढंच म्हटलं तरी पुढचं सगळ्यांना समजतं. तिथल्या भिंतींआड माणसं वर्षानुवर्षं राहिली, म्हणून जगभर विचार पुढं आला की उपचार माणसाच्या घराजवळ व्हावेत. विचार अगदी योग्य. पण तो मोजला कसा? अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. १९६३ साली तिथं वस्तीपातळीवरच्या केंद्रांसाठी कायदा झाला. पुढच्या काळात खाटा झपाट्यानं रिकाम्या झाल्या, पण ठरवलेली सगळी केंद्रं काही उभी राहिली नाहीत. माणसं रस्त्यावर आली, कित्येक तुरुंगात गेली. खाटा मोजल्या तर मोठं यश. खाटेवरून उठलेला माणूस कुठं गेला हे मोजलं, की ते यश उरत नाही.

आपल्याकडे १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. इथं मोजलं काय जातं? किती जिल्हे झाले, किती शिबिरं घेतली, किती रुग्ण तपासले, गोळ्या किती वाटल्या. हे आकडे हवेतच. गोळ्याच नसतील तर बाकीच्या गप्पा फुकट आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांना उपचार मिळतच नाहीत. तेव्हा 'पोहोचलो का?' हा पहिला प्रश्न खराच आहे.

आपल्या राज्यात या प्रश्नावर चांगलं काम झालेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांचा तो भाग. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत नैराश्य ओळखणं, धीर देणं, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत नेणं असं काम होतं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षानं हे प्रमाण २७.२ टक्के झालं. सहा पटीहून जास्त! आपणही टाळ्या वाजवू. पण हेही लक्षात ठेवू, की २७ टक्क्यांपर्यंत पोहोचलो म्हणजे बाकीचे ७३ राहिले.

दुसरा अभ्यास स्किझोफ्रेनियाचा. या आजारात भास होतात, संशय येतात, माणूस स्वतःत बुडून जातो. गोवा, सातारा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी २८२ रुग्णांवर तो झाला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना फक्त दवाखान्यातले उपचार दिले. काहींना त्याच्या जोडीला घरी येणारा प्रशिक्षित कार्यकर्ता दिला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, तुमच्या-आमच्यासारखेच होते. बारा महिन्यांनी बघितलं तर घरी जाण्याचा फायदा झालेला दिसला, मुख्यतः रोजच्या जगण्यातली अडचण कमी होण्यात. फायदा माफक होता आणि अभ्यासकांनी तो माफकच सांगितला. हा प्रामाणिकपणा आपण आपल्या अहवालांत घ्यायला हवा.

'रोजच्या जगण्यातली अडचण' मोजायला त्यांनी जी मोजपट्टी वापरली, ती भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं तयार केली आहे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठीही तीच वापरतात. त्यात चार गोष्टी बघतात : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं आणि समजणं, आणि काम. कामाच्या सदरात नोकरी-मजुरी, घरकाम किंवा शिक्षण धरतात. आता एका अर्थी ही आपल्या चळवळीचीच मागणी होती ना? घरकामाला काम म्हणा, असं आपण किती वर्षं ओरडतोय! इथं ते म्हटलं आहे. पण खेड्यातल्या घरात हे सदर भरताना काय होतं ते बघा. पुरुषाला विचारतात, 'कामाला जातो का? किती मिळवतो?' बाईबद्दल विचारतात, तेही बहुधा सासूला किंवा भावजयीला, 'काम करते का?' करते. पहाटे उठते, शेण काढते, पाणी भरते, दहा माणसांच्या भाकरी करते. पूर्ण गुण! तिच्या हातात एक रुपया येतो का, बाजाराला एकटी जाते का, थकली तर बसू देतात का, हे त्या सदरात मावत नाही. मुकाट्यानं राबणारी बाई आपल्या समाजात बरीच समजली जाते. मग आजारातून उठलेल्या बाईचं माप निराळं कुठून येणार?

बाईच्या बाबतीत आजाराची शिक्षाही दुहेरी असते. चेन्नईच्या एका संस्थेतल्या डॉ. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या सत्तरहून अधिक बायांचा अभ्यास मांडला. त्यात असं दिसलं की आजाराच्या कलंकापेक्षाही 'टाकलेली' हा शिक्का त्या बायांना आणि त्यांच्या घरच्यांना जास्त बोचत होता. आपल्याकडे नवरा आजारी पडला तर बायकोला म्हणतात, 'सांभाळून घे, तुझं नशीब.' बायको आजारी पडली की आठ दिवसांत माहेरच्या एस.टी.त बसवतात. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे खरं. पण नुसत्या आजाराच्या नावावर घटस्फोट मिळत नाही, आजार किती तीव्र आहे आणि त्यामुळे एकत्र राहणं खरोखर अशक्य झालंय का हे बघावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालीच सांगून ठेवलंय. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून कुणी घाबरवत असेल, तर घाबरू नका. वकिलाकडे जा.

'तिच्या भल्यासाठी' या शब्दांमागे काय काय लपतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या अगदी शेजारचं आहे. घोड नदी ओलांडली की शिरूर. फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथल्या सरकारी निवासी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढली गेली. मतिमंदत्व वेगळं आणि मानसिक आजार वेगळा. पण वागवण्याची रीत तीच. कारण काय दिलं? पाळीच्या वेळची स्वच्छता त्या मुलींना राखता येत नाही. म्हणजे सांभाळणाऱ्यांची अडचण होती आणि उपाय मुलींच्या शरीरावर झाला. राज्यभरच्या स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. तुमच्यातल्या काही ज्येष्ठ मैत्रिणींनी तेव्हा घोषणा दिल्या असतील. मला त्यातून एवढंच घ्यायचंय : सांभाळणाऱ्याची सोय झाली म्हणजे सांभाळलं जाणाऱ्या बाईचं भलं झालं, असं नाही. माझ्या तक्त्यात मी वेगळं काय केलं होतं? घराची सोय मोजली होती.

आता नाण्याची दुसरी बाजू. सांभाळणारी कोण असते? 'समाजानं काळजी घ्यावी' असं आपण भाषणात म्हणतो. घरोघरी जाऊन बघा, समाज म्हणजे एक बाई असते. आई, बायको, सून, नाहीतर आठवीतून शाळा सुटलेली मुलगी. तिच्या मदतीला येते ती आशाताई, ती पण बाईच, आणि तीसुद्धा पगारावर नाही, मोबदल्यावर. सरकारची एक खाट वाचते तेव्हा कुठल्या तरी घरात एका बाईची झोप, मजुरी नाहीतर शाळा जाते. हा खर्च कुठल्याच अहवालात येत नाही.

एक उदाहरण पुरुष रुग्णाचं. गोळ्या वेळेवर, पुन्हा ऊसतोडीला जाऊ लागला, तक्ता उत्तम. एकदा सहज त्याच्या बायकोला विचारलं, "तुमचं कसं चाललंय?" तर ती हसून म्हणाली, "मी शेजारच्या आत्याबाईंकडं निजते. रात्री राग आला की मारतात." मानसिक आजार असलेली माणसं हिंसकच असतात, असा याचा अर्थ मुळीच काढू नका. बहुतेकजण नसतात, आणि बायकोला मारणारे बहुतेक पुरुष ठणठणीत असतात. पण आजार आहे म्हणून मार सहन कर, असं आपण तिला सांगत असू, तर त्याचं यश तिच्या पाठीवर उभं आहे. आम्ही तेव्हापासून ठरवलं, की घरातल्या सांभाळणाऱ्या बाईशी वेगळं बोलल्याशिवाय पान पूर्ण झालं म्हणायचं नाही.

मग घर नकोच का? तसं नाही. पण घर एकच असतं आणि ते नेहमी चांगलंच असतं, हे गृहीत धरू नका. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं जळून मेली. ते सरकारी मनोरुग्णालय नव्हतं. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणारं खाजगी ठिकाण होतं, घरच्यांनी आपल्या माणसांना तिथं श्रद्धेनं ठेवलं होतं. साखळी इस्पितळातच असते असं नाही. ती श्रद्धेतही असते आणि घरच्या गोठ्यातही असते.

आपल्या नगरजवळ शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची 'माउली' आहे. रस्त्यावर सापडलेल्या मानसिक आजारी बायांना तिथं आसरा मिळतो. ते काम मोठंच आहे. पण तिथं आलेली प्रत्येक बाई कुठल्या तरी गावातून निघाली होती. त्या गावाच्या हजेरीपटावर तिची गैरहजेरी कुणी मांडली का? चेन्नईच्या 'बनियन' संस्थेनं असं केलं की इस्पितळात वर्षानुवर्षं अडकलेल्या बायांना चौघी-पाचजणींचं भाड्याचं घर करून दिलं, साध्या वस्तीत, मदतीला एक सोबतीण ठेवून. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'तराशा' प्रकल्पात मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या बाया वसतिगृहात राहून काम शिकतात, नोकरी धरतात. म्हणजे माहेर आणि सासर यांच्याशिवाय तिसरी जागा असू शकते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही हेच म्हणतो : कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणासाठी कुणाला इस्पितळात ठेवता येणार नाही. समाजात राहणं हा हक्क आहे. हक्क कागदावर आला, घरं मात्र अजून बोटावर मोजण्याइतकी.

पुण्याच्या वस्त्यांमध्ये हे काम स्त्रीच्या नजरेनं करणाऱ्या भार्गवी दावर २०२४ साली गेल्या. १९९९ साली त्यांनी 'बापू ट्रस्ट' सुरू केला. बाईच्या मनाचा आजार बघताना तिच्या आयुष्यातला अन्याय बाजूला ठेवता येणार नाही, हे त्यांनी सतत मांडलं. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत सुरू झालेल्या 'आत्मीयता' या उपक्रमातही गावातले मित्र-मैत्रिणी दुःख ऐकून घेतात, आणि सरकारी योजनेचा अर्जही भरून देतात. दोन्ही एकत्र. कारण पोट रिकामं असताना समुपदेशन पचत नाही.

आता आम्ही आमचा तक्ता कसा बदलला ते सांगते. गोळ्या, झोप, स्वच्छता हे प्रश्न तसेच ठेवले. काढले नाहीत, आणि कुणी काढू नका. गोळ्यांनी माझ्या डोळ्यांसमोर माणसं परत आली आहेत. पण त्याच्या आधी, पानाच्या वर, सहा प्रश्न घातले. लिहून घ्या.

पहिला : तुला काय व्हायला हवं आहे? हे तिला एकटीला विचारायचं, आणि तिच्याच शब्दांत लिहायचं. उत्तरं काय येतात ऐका. 'रात्री खोलीला बाहेरून कडी लावू नका.' 'गोळीनं दिवसभर गुंगी येते, खुरपायला जाता येत नाही, डॉक्टरला सांगा.' 'काष्टीच्या बाजाराला मला एकटीला जाऊ द्या.' 'पोरांनी मला आई म्हणावं.' एकीनं सांगितलं, 'मला नावानं हाक मारा.' यातलं एकही आमच्या जुन्या तक्त्यात नव्हतं.

दुसरा : मागच्या तीन महिन्यांत तुला कुणी बांधलं, कोंडलं, मारलं, उपाशी ठेवलं का?

तिसरा : तुझ्या हातात स्वतःचे पैसे येतात का? पासबुक, रेशनकार्ड, आधार कुणाकडे असतं?

चौथा : तुझी सही किंवा अंगठा कुठल्या कागदावर घेतला का? काय लिहिलंय ते वाचून दाखवलं होतं का?

पाचवा : हळदीकुंकू, बचत गट, ग्रामसभा, लग्नकार्य, कुठं तुला बोलावतात? गेलीस तर शेजारी कुणी बसतं का?

सहावा सांभाळणाऱ्या बाईसाठी : तुझी झोप, तुझी मजुरी, तुझी तब्येत कशी आहे? तुला कधी सुट्टी मिळते?

यावर आक्षेप येतात. पैसे देणारे म्हणतात, याचा आकडा काढून द्या. काढता येतो. 'स्वतः सांगितलेली इच्छा पूर्ण झालेल्या बाया किती' हाही आकडाच आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : जी बोलण्याच्या स्थितीत नाही तिला काय विचारणार? तिला पुन्हा विचारायचं, बरं वाटेल त्या दिवशी विचारायचं. तोवर निदान दुसरा प्रश्न तिच्या अंगाकडे बघूनही भरता येतो. आणि काहीजणी पूर्ण बऱ्या होणारही नाहीत. आवाज येत राहतील. तरी आवाज येत असताना चार घास सन्मानानं मिळणं, हे यश आपण मोजायला शिकलं पाहिजे.

तुमच्या गटांना लगेच करता येण्यासारख्या चार गोष्टी सांगते. एक, गावात कुणी बांधलेलं असेल तर त्या घरावर चालून जाऊ नका. आधी उपचाराची वाट दाखवा, पण कायद्यानं कुठल्याही प्रकारे साखळी घालायला बंदी आहे हेही स्पष्ट सांगा. दोन, २०१७ च्या कायद्यानं आजारी माणसाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की झालं. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही, तुमच्या गटातली मैत्रीणही चालते. तीन, दाखल केलेल्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून तोडायचं नाही, असं हाच कायदा म्हणतो. चार, १४४१६ हा 'टेलिमानस'चा फोन नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. आणि पाचवी न सांगितलेली : बचत गटात तिला घ्या. हप्ता चुकवते म्हणून नाकारू नका. हप्ता ठणठणीत बायाही चुकवतात!

शेवटी त्या बाईचं काय झालं ते सांगते. हक्कसोडपत्राचं प्रकरण वकिलाकडे आहे. निकाल कधी लागेल माहीत नाही. मोठी मुलगी आता दिवाळीत दोन दिवस आईकडे येते. धाकटा येत नाही. मागच्या वर्षी तिनं गोळ्या सोडल्या आणि ती पुन्हा आजारी पडली. दीड महिना अवघड गेला. भावजय आणि बचत गटातल्या दोघी आळीपाळीनं तिच्याजवळ झोपल्या. जुन्या तक्त्यात हे 'घसरण' म्हणून गेलं असतं. मी तिला विचारलं, "या वर्षाचं काय लिहू?"

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "लिहा, आजारी पडले. पण कुणी बांधलं नाही."

मी तेवढंच लिहिलं. खाली तिनं सही केली.